इराच्या गॉगलसाठी बार्शी ते सोलंग

मी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि त्याच आठवड्यात त्यानं मला डोळे मिटून निजायला लावलं. परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय हो ताई, चंदीगडला काय पाहिलंत?" गिऱ्हाईक समोर असताना एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

बार्शीत माझं चष्म्याचं दुकान आहे. यजमान होते तेव्हा दोघं मिळून चालवायचो, आता बारा वर्षं मी एकटीच चालवते. मला स्वतःला लांबचा नंबर नाही, फक्त वाचायला लागतो. त्यावरून गिऱ्हाइकं चेष्टा करतात. डोळ्यांबद्दल आपल्याला बऱ्यापैकी कळतं, असा माझा समज होता. तो सगळाच खोटा होता असं नाही, पण सोलंगनं त्याची एक बाजू चांगली घासून काढली.

मोहाली

माझा धाकटा भाऊ विश्वास केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. चार वर्षांपूर्वी बदली होऊन तो चंदीगडला गेला आणि पत्नी मृणाल व लेकीसह शेजारच्या मोहालीच्या एयरोसिटीत राहतो. डिसेंबरात त्याचा फोन आला.

"ताई, इराला बर्फावर स्कीइंग शिकायचंय. जानेवारीत शाळेला सुट्टी आहे, सोलंगला पाच दिवसांचा वर्ग आहे. मृणाल नको म्हणते. आम्हा दोघांनाही रजा नाही. तू येशील का तिच्याबरोबर?"

"मी येऊन काय करू? मला सोलंग कुठे आलं तेही माहीत नाही."

"तुला डोळे माहीत आहेत ना? मृणालची सगळी भीती तिच्या डोळ्यांचीच आहे."

इरा, माझी भाची, तेरा वर्षांची. दोन्ही डोळ्यांना मायनस सात. डॉक्टरांनी डोळ्यांचे पडदे तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, पण आईचं मन डॉक्टरांच्या कागदाचं थोडंच ऐकतं. मी दुकानाला पंधरा दिवस कुलूप घातलं, शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधल्या आणि निघाले. रेल्वेचा प्रवास सोडून देते. दिल्लीच्या पुढे खिडकीबाहेर धुक्याखेरीज काही नव्हतंच.

मोहालीत सकाळी अकरापर्यंत समोरची इमारत दिसत नाही. विमानाचा आवाज डोक्यावरून जातो, विमान काही दिसत नाही. मृणालच्या बाल्कनीत तीन दिवसांपूर्वीचे कपडे अजून दमटच होते. आपल्याकडे जानेवारीत स्वेटर घातला तर दुपारी काढावा लागतो. इथे घरातसुद्धा मोजे, टोपी आणि हातात गरम कप. पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईंनी सरसोंचा साग आणि मक्याची रोटी पाठवली, वर लोण्याचा गोळा. मी त्यात आपली चटणी कालवून खाल्ली. विश्वासनं माझ्याकडे पाहिलं आणि त्यानंही तेच केलं. मग डबा त्याच्यापुढे सरकवण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

इराला मी दोन वर्षांनी पाहत होते. उंची वाढलेली, केस कापलेले, चष्मा सारखा बोटानं वर ढकलण्याची सवय. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं.

"काय गं, इतक्या थंडीत आणखी थंडीकडे जायचंय तुला?"

"आत्या, वहाँ की ठंड अलग होती है," ती म्हणाली. "यहाँ वाली बोरिंग है."

रात्रीच्या जेवणाला मृणाल फारशी बोलली नाही. भांडी आवरताना मात्र हळूच म्हणाली, "ताई, गॉगल तुम्ही निवडा. तुम्ही म्हणालात हा चालेल, तर मी पाठवीन. नाही म्हणालात तर नाही." एवढा भरवसा माझ्यावर गिऱ्हाइकांनीही कधी टाकला नव्हता. खरं सांगायचं तर मला तो आवडला.

सेक्टर बावीस

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उठल्यावर आम्ही दोघी चंदीगडच्या सेक्टर बावीसच्या बाजारात गेलो. तिथे खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे, मागच्या भिंतीवर बर्फाचं सामान. मालक सरदारजी, साठीचे, दाढी व्यवस्थित जाळीत बांधलेली. इरा सरळ एका गॉगलपाशी गेली. बाहेरून आरशासारखा निळा-जांभळा, फ्रेम बारीक. तिनं आपला चष्मा काढून खिशात टाकला, गॉगल चढवला आणि आरशात पाहिलं.

"ये वाला. पक्का."

"आणि चष्मा कुठे घालणार?"

"चष्मा नहीं पहनूँगी."

"मग दिसणार काय तुला?"

"बर्फ ही तो है, आत्या. उसमें देखना क्या है?"

मी पर्समधून माझ्या दुकानातली छोटी जांभळ्या उजेडाची बॅटरी आणि विश्वासचा धुतलेला पांढरा रुमाल काढला. साबणानं धुतलेलं पांढरं कापड त्या उजेडात निळसर चमकतं, कारण तो अतिनील उजेड असतो. मध्ये चांगली काच धरली की चमक विझते. इराचा लाडका गॉगल मध्ये धरला. रुमाल चमकतच राहिला.

"बघितलंस? नुसती रंगीत काच आहे. अंधारामुळे डोळ्याची बाहुली जास्त उघडते आणि नको तो उजेड आणखी आत जातो. यापेक्षा काही न घातलेलं बरं."

सरदारजी काउंटरवर वाकून बघत होते. "बहनजी, आप चेकिंग वाले अफ़सर तो नहीं हो?"

"नहीं जी. मेरी चश्मे की दुकान है, महाराष्ट्र में."

"फिर तो आप अपने ही हुए," म्हणत त्यांनी चहा मागवला आणि ते आरशाचे गॉगल स्वतःच उचलून मागे नेऊन ठेवले. मग खालच्या कपाटातून खोके काढले. चष्म्यावरून घालायचे गॉगल निराळेच असतात, हे मी तिथेच पाहिलं. फ्रेम खोल, दोन्ही कडांना काड्यांसाठी खाचा. काच दुहेरी, मध्ये हवा, म्हणजे बाहेरच्या थंडीनं आतल्या बाजूला वाफ धरत नाही. वर-खाली बारीक भोकं आणि त्यावर पातळ स्पंज. मी एकेक इराला चढवून पाहिला. नाकापाशी फट राहिली की बाद. चष्म्याच्या काड्या कानावर दाबल्या गेल्या की बाद. हेल्मेट घातल्यावर कपाळाची पट्टी उघडी पडली की बाद. शेवटी एक राखाडी गॉगल असा बसला की जणू तिच्यासाठीच केला होता. रुमालाची चमक त्यानं पार विझवली. चहा आला तेव्हा वाफाळता ग्लास मी इराच्या तोंडाखाली धरला आणि तिला जोरात श्वास सोडायला सांगितला. काच स्वच्छ राहिली. सरदारजींनी टाळी वाजवली.

"आतली बाजू पुसायची नाही हं," मी तिला बजावलं. "तिथे लेप असतो. बर्फ गेलाच आत तर झटकायचा."

मग सरदारजींनी त्याच फ्रेमची आणखी एक काच पुढे ठेवली, फिकट पिवळी. "ये बादल वाला शीशा है, बहनजी. साथ ले जाओ."

आता इथे माझं काय झालं ते सांगते. आमच्याकडे पिवळी काच मागतात ते रात्री गाडी चालवणारे, आणि मी त्यांना दरवेळी समजावून परत पाठवते की त्यानं रात्रीचं काही जास्त दिसत नाही. तेच डोक्यात होतं. बर्फावर त्रास चकाकीचा, मग फिकट काच कशाला? "नहीं चाहिए," मी म्हणाले. "गडद ही ठीक है." सरदारजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण धंद्यातल्या माणसाला काय शिकवायचं, म्हणून त्यांनी ती काच परत खोक्यात ठेवली असावी.

बाहेर पडून आम्ही छोले-भटुरे खायला बसलो. इरा भटुऱ्याला बोटानं भोक पाडत राहिली, खाईना.

"निळा नाही मिळाला म्हणून रुसलीस?"

तिनं मान हलवली. मग खाली बघतच बोलायला लागली. मागच्या वर्षी शाळेची सहल बर्फात गेली होती. तिथल्या गॉगलमध्ये चष्मा मावेना, म्हणून शिक्षकांनी तो काढून ठेवायला सांगितला. ती तशीच उतारावरून निघाली आणि एका मुलाला खांब समजून त्याच्या बाजूनं वळायला गेली, तर खरा खांब पुढे होता.

"सबने वीडियो देखा, आत्या. पूरी क्लास ने. मम्मी को नहीं पता."

"मग यंदा परत का जायचंय?"

"क्योंकि धडकने से पहले..." ती थांबली, शब्द शोधत होती. "दहा सेकंद. दहा सेकंद खूप मस्त होतं."

त्या दहा सेकंदांसाठी मी मृणालला सांगितलं, गॉगल चालेल, पाठव.

सोलंग

मनालीच्या पुढे सोलंगच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बर्फाचे कपडे भाड्यानं देणारी दुकानं आहेत. प्रत्येकावर मोठा नंबर रंगवलेला, संध्याकाळी लोकांना आपलं दुकान ओळखू यावं म्हणून. मीसुद्धा एक फुगीर झगा, गमबूट आणि माझ्यासाठी एक जुना गॉगल घेतला. त्याची काच वापरून वापरून फिकट पिवळसर झाली असावी, असं मला वाटलं. मुळातच ती तशी होती, हे नंतर कळलं. त्या अवतारात मी गाडीत मावेना. इरानं माझा फोटो काढून आईला पाठवला. उत्तरात मृणालनं नुसते हसणारे चेहरे पाठवले, आठ-दहा. मी आल्यापासूनचं तिचं पहिलं हसू.

आमची उतरायची सोय शिकवणाऱ्या बेलीरामजींच्याच घरी होती. लाकडी घर, मधोमध तंदूरची शेगडी, तिच्याभोवती सगळा संसार. त्यांच्या पत्नीला इरा पहिल्या तासापासून चाचीजी म्हणू लागली. त्यांनी सिड्डू केले होते. कणकेचा आंबवलेला गोळा, आत अक्रोडाचं वाटण, वाफवून वर तुपाची धार. आपल्या उकडीच्या मोदकाचा हा डोंगरातला भाऊ, फक्त गोड नाही. चाचीजींनी मला तीन खायला लावले आणि चौथ्याला मी नाही म्हटल्यावर तब्येत विचारली.

पहिले तीन दिवस ऊन होतं. सकाळी पहिल्यांदा मैदानावर पाय ठेवला तेव्हा मला काही सुचेना. वरून ऊन, खालूनही ऊन. हनुवटीखालून उजेड येतो असं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. इरा आपल्या गडद काचेमागे मजेत होती. पायातल्या फळ्यांची पुढची टोकं जवळ आणून वेग कसा मोडायचा ते बेलीरामजी शिकवत. ती पडे, उठे, चष्मा वर ढकलायला बोट नेई आणि ते गॉगलवर आपटे. वर्गात आठ मुलं होती. त्यातल्या दोघांच्या काचा वाफेनं भरत आणि ते सारखे हातमोज्यानं पुसत. इराची एकदाही भरली नाही. मी खाली खुर्चीवर बसून हे सगळं माझंच कौतुक असल्यासारखं बघत होते.

चौथ्या दिवशी ढग आले.

पाऊस नाही, वारा नाही, फक्त आभाळ आणि जमीन एकाच रंगाची झाली. इरा वरच्या टप्प्यावर जाऊन उभी राहिली आणि निघेचना. बाकीची मुलं खाली आली. मी धापा टाकत तिच्यापर्यंत चढून गेले.

"आत्या, मुझे कुछ नहीं दिख रहा. सब एक जैसा है."

मी तिचा गॉगल तपासला. वाफ नाही, चष्मा जागेवर, पट्टा ठीक. "सगळं बरोबर आहे गं. दिसतंय तुला. तू मनातून घाबरली आहेस."

"सच में नहीं दिख रहा."

"काल इथूनच गेलीस ना? जा. मी आहे."

ती गेली. वीस-पंचवीस पावलांवर एक खळगा होता. मला माझ्या फिकट काचेतून त्याची सावली दिसत होती, म्हणून तो तिलाही दिसत असेल असं मी धरून चालले. ती सरळ त्यात गेली, उलटी झाली आणि मनगटावर पडली.

मी तिथवर कशी पोहोचले आठवत नाही. बेलीरामजी आधीच आले होते. त्यांनी मनगट दाबून पाहिलं, बोटं हलवायला लावली. "मोच है, टूटी नहीं." मग त्यांनी इराचा गॉगल काढून आभाळाकडे धरला आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बहनजी, बच्ची ठीक कह रही थी. बादल में काला शीशा नहीं चलता. पीला चाहिए."

मी तो गॉगल स्वतःच्या डोळ्यांना लावला. खळगा नाहीसा झाला. उतार नाहीसा झाला. माझे स्वतःचे बूट तेवढे दिसत होते. तीस वर्षं मी लोकांना विचारत आले, "आता दिसतंय का?" आणि त्यांनी नाही म्हटलं की काच बदलत आले. इथे माझ्याच पोरीनं नाही म्हटलं, तर मी तिलाच बदलायला निघाले होते.

"इरा, माझं चुकलं. तुझं ऐकायला हवं होतं मी."

ती बर्फात बसून मनगट धरून रडत होती. हुंदक्यांतूनच म्हणाली, "आपने दुकान में भी मना किया था. पीला वाला."

"हो. तिथेही चुकलं."

मी माझा भाड्याचा गॉगल तिच्या चष्म्यावर चढवला. जुना, ढगळ, पण बसला. तिनं डोकं इकडेतिकडे फिरवलं आणि म्हणाली, "अरे, गड्ढा!" मनगटाला पट्टी बांधून ती दुपारी पुन्हा चढली. मी मात्र उघड्या डोळ्यांनी खाली बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. ढग आहेत, ऊन कुठे आहे, मला काय होणार, असं वाटत होतं. अतिनील उजेड ढगातून खाली येतो, हे मीच गिऱ्हाइकांना सांगते.

डोळे मिटून

संध्याकाळी शेगडीपाशी बसले असताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटू लागलं. मग पाणी वाहू लागलं, मग दिव्याकडेही बघवेना. बेलीरामजींनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "बर्फ लग गई आँखों को." खालच्या गावातून डॉक्टर आले. त्यांनी थेंब दिले, उद्याचा पूर्ण दिवस डोळे झाकून ठेवायला सांगितलं आणि बरं होईल म्हणाले. माझा धंदा कोणता ते चाचीजींनी त्यांना सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

सकाळी इरा माझ्या उशाशी येऊन बसली. तो वर्गाचा शेवटचा दिवस, सगळ्यात वरच्या टप्प्यावरून एकट्यानं खाली यायचं होतं.

"मैं नहीं जा रही. आपको थेंब कोण घालणार?"

"चाचीजी घालतील. बाहेर काय आहे? ऊन की ढग?"

"धूप. एकदम तेज."

"मग तुझा स्वतःचा गॉगल घे. पण वर गेल्यावर तूच ठरव. दिसलं तर निघ, नाही दिसलं तर उतरून ये. मला काय वाटतं ते विचारू नकोस."

तिनं माझ्या डोळ्यांवरची पट्टी नीट केली. मग तिचे बूट लाकडी जिन्यावरून वाजत गेले.

त्या दिवशी मी पडून होते. ज्या उतरण्यासाठी बार्शीहून इतक्या लांब आले, ते मला दिसणार नव्हतं. पत्र्यावरून बर्फ वितळून ठिबकत होता. चाचीजींनी सिड्डूचे घास करून भरवले आणि आपल्या पहाडी बोलीत कुठल्यातरी भाचीच्या लग्नाची हकीकत सांगितली, त्यातलं मला निम्मं कळलं.

दुपारी बूट पुन्हा वाजले, या वेळी दोन-दोन पायऱ्या घेत.

"आत्या, डोळे उघडू नको! मी सांगते!" आणि ती सांगत सुटली, जमेल त्या भाषेत. "वरती ना, खूप वारा होता. आणि खाली घरं इतकी छोटी, माचिस जैसी. मी आधी पूरा बघितला. मेरे को सब दिसत होतं, बर्फावर रेषा पण दिसत होत्या, सच्ची. मग मी निघाली. पहिल्या वळणाला पडली. हसू नको ना! मग उठली. मग मला समजलं की घाबरली की मी मागे वाकते, म्हणून पडते. तर मी पुढे वाकली. आणि आत्या, वो जो दस सेकंड थे ना, ते संपलेच नाही. ते चालूच. मी मनात मोजत होते, मग मोजायचं विसरली."

"आणि शेवटी?"

"शेवटी मी थांबली. माझी मी."

बांधलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी ते चांगलं म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. खोलीत मंद उजेड होता. इरा तोंड धुऊन समोर उभी, चष्मा अजून न घातलेला, म्हणून डोळे बारीक केलेले. सबंध चेहरा उन्हानं तांबूस-काळा झालेला आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा गोरापान तुकडा, कडा अगदी आखून काढल्यासारख्या. मला इतकं हसू आलं की डोळे पुन्हा चुरचुरले.

संध्याकाळी मोहालीत दार उघडलं तेव्हा मृणालनं आधी माझे लाल डोळे पाहिले, मग लेकीच्या मनगटावरची पट्टी, मग तो चेहरा. "काय करत होतात तुम्ही दोघी तिकडे?" मी सगळं सांगितलं, पिवळ्या काचेसकट. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझ्यापुढे गाजराच्या हलव्याची वाटी ठेवली आणि म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी मी पण येते. दोघींवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच."

इरा मात्र बेसिनच्या आरशापुढून हलत नव्हती. मान वळवून, वर करून, त्या पांढऱ्या तुकड्याची कड बोटानं चाचपत होती.

"आत्या, ये मार्क कितने दिन में जाएगा?"

शाळा सुरू होणार होती. तो व्हिडिओ पाहणारी वर्गातली मुलं आठवली आणि मी तिला धीर द्यायला म्हणाले, "जाईल गं. महिन्याभरात काही राहणार नाही."

तिचा चेहरा पडला. "बस? एकच महिना?"